ज्ञानकोशातील कापलेली पाने : सोव्हिएत संघाचा उदय आणि अस्त

१९५४ च्या प्रारंभी 'बृहत् सोव्हिएत ज्ञानकोशा'च्या वर्गणीदारांना टपालाने काही सुटी पाने मिळाली. सोबत एक सूचना होती. पाचव्या खंडातील ठरावीक पाने कात्रीने किंवा ब्लेडने कापून काढावीत, बांधणीजवळ थोडी कड शिल्लक ठेवावी आणि तिला ही नवी पाने चिकटवावीत. जी पाने कापायची होती त्यांवर लाव्हरेंती बेरिया या गुप्त पोलिसांच्या प्रमुखाची स्तुतिपर माहिती आणि त्याचे छायाचित्र होते. १९५३ च्या जूनमध्ये बेरियाला अटक झाली होती आणि डिसेंबरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या होत्या. नव्या पानांवर मुख्यतः बेरिंग समुद्र होता. वर्णानुक्रमाने तोच बेरियाचा शेजारी.

ही हकिकत बहुधा विनोद म्हणून सांगितली जाते. आम्हांला मात्र ती वाङ्मयाच्या अभ्यासकांनी गंभीरपणे घ्यावी अशी वाटते. ज्ञानकोशातले एक पान बदलण्यासाठी एवढा खटाटोप करणारे राज्य शब्दाला किती मानत असले पाहिजे! आणि या कामात ते सामान्य वाचकालाही सामील करून घेते. संपादकाने केलेले खोटे वाचकाने आपल्या घरी, आपल्या हाताने, आपल्याच प्रतीत पुरे करायचे. सोव्हिएत संघाच्या एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यावर अर्थशास्त्रज्ञांनी, मुत्सद्द्यांनी आणि लष्करी इतिहासकारांनी विपुल लिहिले आहे. त्यांच्या निष्कर्षांना बगल न देता, शब्द आणि सत्ता यांच्या संबंधाच्या अंगाने ही कहाणी पुन्हा एकदा वाचून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदय

उदयाची कारणे नीट न सांगता अस्ताची कारणे सांगणे हा १९९१ नंतरच्या पुष्कळ लेखनाचा दोष आहे. १९१७ साली रशियात जे घडले ते काही मूठभर कारस्थानी माणसांनी एका रात्रीत घडवलेले नव्हते. तीन वर्षांच्या महायुद्धात लाखो शेतकरी सैनिक मेले होते, शहरांत पावासाठी रांगा लागत होत्या, आणि पुष्कळ जमीन अजूनही जमीनदारांकडेच असल्याची सल खेड्याखेड्यांत होती. शांतता, जमीन आणि भाकरी या तीन शब्दांत बोल्शेविकांनी लोकांची मागणी नेमकी पकडली. परंतु नोव्हेंबर १९१७ मध्ये संविधान सभेच्या निवडणुका झाल्या तेव्हा त्यांना सुमारे एक चतुर्थांश मतेच पडली. सर्वाधिक मते शेतकऱ्यांमध्ये रुजलेल्या समाजवादी क्रांतिकारी पक्षाला मिळाली. ती सभा जानेवारी १९१८ मध्ये एकदा भरली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारांना कुलूप लागले.

त्याआधीच, सत्ता हाती आल्यावर दोन दिवसांत, वृत्तपत्रांविषयीचा हुकूम निघाला होता. विरोधी वृत्तपत्रे बंद करण्याचा अधिकार देणारा हा हुकूम तात्पुरता आहे आणि परिस्थिती सुरळीत होताच तो मागे घेतला जाईल, असे त्यातच नमूद केलेले होते. १९२२ साली 'ग्लावलित' या नावाने सेन्सॉरचे कायमचे खाते स्थापन झाले. पुस्तक, नाटक, नकाशा, काडेपेटीवरचे लेबल, छापायची कोणतीही गोष्ट या खात्याच्या शिक्क्याशिवाय बाहेर पडेनाशी झाली. १९१७ चा तो तात्पुरता उपाय प्रत्यक्षात १९९० पर्यंत चालला.

त्याच १९२२ च्या ३० डिसेंबरला रशिया, युक्रेन, बेलारूस आणि काकेशसपार प्रदेश या चार प्रजासत्ताकांनी मिळून सोव्हिएत संघ स्थापन केला. त्याच्या घटनेत प्रत्येक प्रजासत्ताकाला संघातून बाहेर पडण्याचा अधिकार दिलेला होता. १९२४, १९३६ आणि १९७७ या तिन्ही घटनांत हे कलम कायम राहिले. ते वापरता येईल असे कोणाला वाटत नव्हते, म्हणूनच ते ठेवण्यात कोणाला धोकाही वाटला नाही. या कलमाकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

नंतरच्या तीन दशकांतील वाढ थक्क करणारी होती, हे मान्य केले पाहिजे. १८९७ च्या जनगणनेनुसार रशियन साम्राज्यात ९ ते ४९ वयोगटातील साक्षर माणसे सुमारे २८ टक्के होती. १९३९ च्या जनगणनेत त्याच वयोगटातील साक्षरता सुमारे ८७ टक्के भरली. ज्या भाषांना लिपी नव्हती त्यांना लिपी मिळाली, शाळा मिळाल्या. १९२८ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि उरलच्या ओसाड प्रदेशात माग्नितोगोर्स्कसारखी पोलादनगरी उभी राहिली. १९४१ मध्ये जर्मन सैन्य चालून आले तेव्हा याच कारखान्यांनी रणगाडे पुरवले. सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावून या देशाने हिटलरच्या सैन्याचा कणा मोडला. १९४९ मध्ये अणुबाँब, १९५७ मध्ये स्पुटनिक आणि १२ एप्रिल १९६१ रोजी अंतराळात गेलेला पहिला माणूस ही तिची पुढची पावले.

या वाढीची किंमत त्याच पानावर मांडायला हवी. शेतांचे सक्तीचे सामूहिकीकरण आणि धान्याची जबरी वसुली यांमुळे १९३२-३३ साली युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाच्या खोऱ्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे उपासमारीने मेली. हा दुष्काळ अस्तित्वातच नाही, अशी सरकारची अधिकृत भूमिका होती. १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारी दफ्तरांतील नोंदींप्रमाणेच सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना राजकीय गुन्ह्यांसाठी गोळ्या घातल्या गेल्या.

लेखक नावाचा सरकारी नोकर

ऑगस्ट १९३४ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत लेखकांचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी गॉर्की होते. आपल्या विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांत टिपा लिहिण्यासाठी येणारा 'समाजवादी वास्तववाद' येथेच अधिकृत धोरण म्हणून मान्य झाला. वास्तवाचे चित्रण त्याच्या क्रांतिकारी विकासाच्या दिशेने करावे, असे या धोरणाचे सूत्र. म्हणजे जे आहे त्यापेक्षा जे होणार आहे ते अधिक वास्तव. एकदा हे मान्य केले की डोळ्यांसमोरचा भुकेला माणूस हा तपशील ठरतो आणि योजनेतला सुखी शेतकरी हे सत्य.

या सूत्राची पहिली मोठी फलश्रुती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. श्वेत समुद्र आणि बाल्टिक समुद्र यांना जोडणारा कालवा १९३१ ते १९३३ या काळात कैद्यांकडून, बहुतांशी हातांनी, खोदून घेण्यात आला. हजारो कैदी त्यात मेले. कालवा पुरा झाल्यावर सुमारे १२० लेखकांना तो दाखवण्यासाठी नेण्यात आले आणि त्यांतील छत्तीस जणांनी मिळून कैद्यांच्या 'पुनर्घडणी'चा गौरव करणारा ग्रंथ लिहिला. गॉर्की त्याच्या संपादकांपैकी एक होते. १९३७ मध्ये, त्यात स्तुती केलेले अधिकारीच देशद्रोही ठरल्यावर, हा ग्रंथही बाजारातून आणि ग्रंथालयांतून काढून घेण्यात आला.

ज्यांनी असे लिहिण्यास नकार दिला किंवा ज्यांना ते जमलेच नाही, त्यांचे काय झाले हे आज तपशीलवार ठाऊक आहे. मांदेलश्ताम डिसेंबर १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेले. बाबेल यांना जानेवारी १९४० मध्ये गोळी घालण्यात आली. अख्मातोवा यांनी 'रेक्विएम'च्या ओळी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून मैत्रिणीला वाचायला द्यायच्या, तिने त्या पाठ करायच्या आणि मग तो चिटोरा जाळून टाकायचा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. विसाव्या शतकाच्या मध्यात, जगातील सर्वांत मोठ्या मुद्रणव्यवस्थांपैकी एक ज्या देशात होती, त्या देशात कविता पुन्हा मौखिक परंपरेत गेली. ज्या समाजाने जात्यावरच्या ओव्या आणि संतांचे अभंग पिढ्यान् पिढ्या कंठात सांभाळले, त्या समाजाच्या वाचकाला या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

आकडेही शब्दच असतात

साहित्याच्या मुस्कटदाबीमुळे महासत्ता कोसळत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो योग्यच आहे. पण कवितेला लावलेला नियम कवितेपाशी थांबत नाही. जानेवारी १९३७ मध्ये जनगणना झाली. लोकसंख्या सतरा कोटींच्या पुढे जाईल असे स्टालिनने आधीच सूचित केलेले होते. मोजणीत ती सुमारे १६ कोटी २० लाख भरली. दुष्काळात मेलेली माणसे अखेर बेरजेत सापडली होती. निकाल दडपण्यात आले, जनगणना सदोष ठरवण्यात आली आणि तिच्या प्रमुख संख्याशास्त्रज्ञांना अटक झाली. त्यांतील काहींना ठार मारण्यात आले. १९३९ मध्ये नवी जनगणना झाली आणि तिने अपेक्षित उत्तर दिले.

येथेच त्या व्यवस्थेची खरी गोम आहे. बाजारपेठ नसलेल्या अर्थव्यवस्थेत कोणती वस्तू किती हवी हे किमतींतून कळत नाही. ते खालून वर जाणाऱ्या अहवालांतून कळावे लागते. म्हणजे ज्या राज्यव्यवस्थेला खऱ्या अहवालाची गरज जगात सर्वांत जास्त होती, तिनेच खरा अहवाल देणे सर्वांत धोक्याचे केले होते. कारखान्याचा संचालक उद्दिष्ट पुरे झाल्याचे कळवी, मंत्रालय त्यावर पुढचे उद्दिष्ट ठरवी, आणि फुगवलेल्या आकड्यावर दुसरा फुगवलेला आकडा चढत जाई. उझबेकिस्तानात प्रत्यक्षात न पिकलेला लक्षावधी टन कापूस वर्षानुवर्षे कागदोपत्री पिकत होता आणि त्याचे पैसे, पदके व बढत्या दिल्या जात होत्या. हे प्रकरण १९८० च्या दशकात उघडकीस आले.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बालमृत्यूंचे प्रमाण वाढू लागले तेव्हा सरकारने ते आकडे प्रसिद्ध करणेच थांबवले. एमान्युएल तोद या तरुण फ्रेंच अभ्यासकाने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, याच आकड्यांवर भर देऊन, सोव्हिएत व्यवस्था कोसळण्याच्या मार्गावर असल्याचे भाकीत केले. बाहेरच्या वाचकाला जे वाचता आले ते आतल्या राज्यकर्त्यांना वाचता येईनासे झाले होते.

१९६१ : स्तालिनग्रादची दोन आख्याने

या कहाणीचा एक धागा आपल्या अंगणातून गेलेला आहे. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला, तेव्हा परदेशात असलेल्या लेनिनने आपल्या लेखात त्या संपाची आवर्जून दखल घेतली होती. १९२१ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका मुंबईत प्रसिद्ध केली. १९५८ मध्ये सुरू झालेल्या, पवईच्या तंत्रविज्ञान संस्थेच्या उभारणीत सोव्हिएत तज्ज्ञांचा आणि यंत्रसामग्रीचा मोठा वाटा होता. परंतु या नात्याचा सर्वांत अस्सल वाङ्मयीन आविष्कार अण्णा भाऊ साठे यांचा आहे.

वाटेगावात अस्पृश्य मानल्या गेलेल्या मातंग कुटुंबात जन्मलेल्या, शाळा जवळजवळ न पाहिलेल्या आणि मुंबईत मिळेल ते काम केलेल्या या माणसाने 'स्टालिनग्राडचा पवाडा' रचला. शिवकालापासून चालत आलेला पोवाड्याचा घाट त्यांनी व्होल्गाकाठच्या कामगारांच्या लढाईला दिला आणि तो मराठी श्रोत्यांना परका वाटला नाही. १९६१ मध्ये ते स्वतः त्या देशात गेले. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचे छोटेखानी पुस्तक आजही वाचले जाते.

त्याच १९६१ च्या १४ फेब्रुवारीला मॉस्कोत गुप्त पोलिसांचे अधिकारी वासिली ग्रॉसमन या लेखकाच्या घरी गेले होते. ग्रॉसमन हे लाल सेनेच्या वृत्तपत्राचे वार्ताहर म्हणून स्तालिनग्रादच्या लढाईत प्रत्यक्ष खंदकांत राहिलेले. त्यांच्या ज्यू आईला १९४१ मध्ये जर्मनांनी बेर्दिचिव्हमध्ये मारले होते. त्या लढाईवर त्यांनी 'जीवन आणि नियती' ही प्रचंड कादंबरी लिहिली आणि तीत, जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या राज्यांच्या तुरुंगांत साम्य आहे काय, हा प्रश्न विचारला. अधिकाऱ्यांनी लेखकाला अटक केली नाही. त्यांनी कादंबरीला अटक केली. हस्तलिखिते, टंकलिखित प्रती, कार्बन पेपर आणि टंकयंत्राच्या फितीसुद्धा जप्त झाल्या. पुढे पक्षाचे विचारधाराप्रमुख सुस्लोव्ह यांनी हे पुस्तक दोन-तीनशे वर्षे तरी छापता येणार नाही असे त्यांना सांगितल्याचे नमूद आहे. १९६४ मध्ये ग्रॉसमन वारले. मित्रांनी लपवलेली एक प्रत सूक्ष्मफितीवर उतरून देशाबाहेर गेली आणि १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कादंबरी छापली गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस स्टालिनचे शव लेनिनच्या समाधीतून रातोरात हलवण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये स्तालिनग्रादचे नाव बदलून व्होल्गोग्राद करण्यात आले.

या दोन लेखकांना समोरासमोर उभे करून एकाला भोळा आणि दुसऱ्याला द्रष्टा ठरवणे आम्हांला अन्यायाचे वाटते. अण्णा भाऊंनी ज्या समाजात जन्म घेतला त्यात माणसाची सावलीही विटाळाची मानली जात होती. कष्टकऱ्याला माणूस म्हणून प्रतिष्ठा देण्याचे अभिवचन देणारा देश त्यांना आपला वाटला, यात त्यांची दृष्टी दुबळी ठरत नाही. त्यातून त्यांच्या सभोवतालच्या वास्तवाची धग कळते. आणि ग्रॉसमनही अनेक वर्षे त्या अभिवचनावर विश्वास ठेवूनच लिहीत होते. भेद असा की एका लेखकाला तो देश पाहुणा म्हणून दाखवला गेला आणि दुसऱ्याला तिथे राहावे लागले. मराठी वाचकाने दोन्ही आख्याने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

साचलेले पाणी

२५ फेब्रुवारी १९५६ रोजी ख्रुश्चेव्हने पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात बंद दाराआड स्टालिनच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला. ते भाषण काही महिन्यांतच पश्चिमेकडे छापले गेले. सोव्हिएत संघात ते अधिकृतपणे १९८९ मध्ये छापले गेले. तरीही बर्फ वितळू लागले होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये 'नोव्ही मीर' मासिकात सोल्झेनित्सिन यांची छावणीतल्या एका दिवसाची कथा प्रसिद्ध झाली. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह गेला, १९६६ मध्ये सिन्याव्स्की आणि दानिएल यांच्यावर त्यांच्या कथांसाठी खटला चालला, आणि १९७४ मध्ये सोल्झेनित्सिन यांना देशाबाहेर घालवण्यात आले.

ब्रेझनेव्हच्या अठरा वर्षांत सामान्य माणसाचे जीवन आधीच्यापेक्षा सुखाचे होते, हेही लिहून ठेवले पाहिजे. घरे मिळाली, दूरचित्रवाणी संच आले, रात्री दारावर थाप पडण्याची भीती ओसरली. हा खर्च पश्चिम सायबेरियातील तेलाने चालवला. १९७३ नंतर तेलाच्या किमती चढल्या आणि सुधारणांची निकड बुडाली. एकेकाळी धान्य निर्यात करणारा हा देश ऐंशीच्या दशकात जगातील सर्वांत मोठ्या धान्य आयातदारांपैकी एक झाला होता. डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात पाठवलेले सैन्य नऊ वर्षे तेथे अडकून पडले.

या काळात शब्दांचे काय झाले? स्टालिनच्या काळात खोटे बोलण्यामागे भीती होती आणि पुष्कळांच्या बाबतीत श्रद्धाही होती. आता दोन्ही ओसरल्या होत्या. उरला होता विधी. १९७८ मध्ये ब्रेझनेव्हच्या नावावर, दुसऱ्यांनी लिहिलेल्या, युद्धाच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. लक्षावधी प्रती निघाल्या, शाळांत त्या शिकवल्या गेल्या आणि १९८० मध्ये त्यांना साहित्याचे लेनिन पारितोषिक मिळाले. देणारा, घेणारा आणि टाळ्या वाजवणारा यांपैकी कोणालाही त्यात तथ्य आहे असे वाटत नव्हते. आमच्या मते साम्राज्याच्या पडझडीचा आरंभ येथे शोधावा. लोक विरोध करत होते म्हणून ती झाली नाही; लोक ऐकेनासे झाले होते.

बोलू लागलेला देश

मार्च १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह सत्तेवर आले. पुढच्या वर्षी तेलाची किंमत निम्म्याहून खाली आली. त्याच वर्षी, २६ एप्रिलच्या पहाटे, चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. शेजारच्या प्रिप्यातमधील माणसांना दुसऱ्या दिवशी दुपारी हलवण्यात आले. जगाला बातमी मिळाली ती २८ तारखेला, स्वीडनमधील एका अणुकेंद्राच्या उपकरणांनी किरणोत्सर्ग टिपल्यानंतर. किव्हमध्ये एक मेची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर बोलले ते १४ मे रोजी. कापूस कागदावर पिकवता येतो, पण किरणोत्सर्ग कागदावर पुसता येत नाही. 'ग्लासनोस्त' म्हणजे खुलेपणा, हा शब्द आधीपासून वापरात होता. या स्फोटानंतर त्याला निकड आली.

त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत जे घडले त्याला वाङ्मयाच्या इतिहासात तोड सापडणे कठीण. १९८७ मध्ये 'रेक्विएम', १९८८ मध्ये पास्तरनाक यांची 'डॉक्टर झिवागो', झाम्यातिन यांची 'आम्ही' आणि ग्रॉसमन यांची 'जीवन आणि नियती', १९८९ मध्ये 'गुलाग द्वीपसमूह'. सत्तर वर्षांचे अप्रकाशित साहित्य एका पिढीच्या हाती एकदम पडले. १९९० मध्ये 'नोव्ही मीर'चा खप २५ लाखांच्या पुढे गेला. आणि १९८८ च्या उन्हाळ्यात शिक्षकांना अंतर्मुख करणारी गोष्ट घडली : शाळांतील इतिहासाच्या अंतिम परीक्षा रद्द करण्यात आल्या. पाठ्यपुस्तकांत जे छापले आहे ते खोटे आहे, हे सरकारनेच मान्य केले होते. खोट्या उत्तराला गुण कसे द्यायचे?

खुलेपणा गोर्बाचेव्ह यांना व्यवस्था वाचवण्यासाठी हवा होता. पण एक पान उघडले की पुढचे उघडावेच लागते. २३ ऑगस्ट १९८९ रोजी, स्टालिन-हिटलर कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन प्रजासत्ताकांतील लोकांनी हातात हात घालून सुमारे ६०० किलोमीटरची साखळी केली. त्यांची मागणी एका दस्तऐवजाविषयी होती. पूर्व युरोप वाटून घेणारे गुप्त कलमपत्र अस्तित्वातच नाही, असे मॉस्को अर्धशतक सांगत आले होते. त्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत लोकप्रतिनिधींनी ते मान्य केले आणि अवैध ठरवले. आता या तीन देशांना संघात ठेवण्याचा नैतिक आधारच उरला नाही. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले. घटनेतील ते बाहेर पडण्याचे कलम आता सर्वांना वाचता येऊ लागले होते.

शेवट झपाट्याने झाला. मार्च १९९१ च्या सार्वमतात, ज्या प्रजासत्ताकांत ते झाले तेथे, तीन चतुर्थांशांहून अधिक मतदारांनी सुधारित संघ राखण्याच्या बाजूने मत दिले. पण पंधरापैकी सहा प्रजासत्ताके त्यापासून दूर राहिली. १९ ऑगस्टला कर्मठ नेत्यांनी बंडाळी केली आणि ती तीन दिवसांत फसली. १ डिसेंबरला युक्रेनच्या ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याचे जाहीर केले. २५ डिसेंबरच्या रात्री क्रेमलिनवरचा लाल ध्वज उतरला. संघ स्थापन करणाऱ्यांपैकी तिघांनीच तो विसर्जित केला, आणि १९२२ मध्ये शोभेसाठी ठेवलेला अधिकार अक्षरशः खरा झाला.

दुसरी बाजू

येथवर मांडलेल्या सूत्राला मर्यादा आहेत. खोटेपणामुळे राज्ये कोसळतात असा इतिहासाचा नियम नाही. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाने १९८९ मध्ये तियानानमेन चौकात तोफगाडे पाठवले, त्या घटनेचा उल्लेख पुसून टाकला आणि तरीही ते राज्य बलाढ्य झाले. त्याने बाजारपेठ उघडली आणि छापखान्यावरचे नियंत्रण सोडले नाही. गोर्बाचेव्ह यांनी नेमके उलट केले. तेव्हा सोव्हिएत अस्ताच्या मुळाशी कुंठित अर्थव्यवस्था, तेलाची घसरण, संरक्षणावरचा असह्य खर्च, दडपलेल्या राष्ट्रीयत्वाच्या भावना आणि व्यापक बळाचा वापर करण्यास एका माणसाने दिलेला नकार, अशी अनेक कारणे एकत्र आली होती, हेच म्हणणे योग्य. शब्दाचा वाटा एवढाच की, संकट आले तेव्हा राज्याने काहीही सांगितले तरी त्यावर विश्वास ठेवणारा कोणी उरला नव्हता.

मुक्ततेची किंमतही लहान नव्हती. जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरील नियंत्रण उठले आणि आयुष्यभराची बचत काही महिन्यांत मातीमोल झाली. १९९४ मध्ये रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्या खाली आले. 'नोव्ही मीर'चा खप कोसळला. माणसे वाचायची थांबली कारण त्यांना भाकरीच्या मागे धावायचे होते. त्या पिढीला सोव्हिएत काळाची आठवण गोड का वाटते, हे या आकड्यांशिवाय समजणार नाही.

आणि कात्री पुन्हा हातात आलेली आहे. दडपशाहीत मेलेल्यांच्या नावांची नोंद करणारी 'मेमोरियल' ही संस्था गोर्बाचेव्ह यांच्या काळात उभी राहिली होती. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या न्यायालयांनी तिच्या विसर्जनाचे आदेश दिले. पुढच्या वर्षी तिला शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २१ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात पुतिन यांनी युक्रेन ही लेनिनची निर्मिती असल्याचे सांगितले आणि बाहेर पडण्याचा अधिकार देणाऱ्या त्या जुन्या कलमाला दोष दिला. तीन दिवसांनी आक्रमण झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हाही त्याच वर्षाचा इतिहास आहे.

आपल्या पिढीतील अनेकांच्या कपाटांत सोव्हिएत छापखान्यांतून आलेली ती स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तके अजून आहेत. टॉल्स्टॉय, चेखव्ह आणि गॉर्कींची 'आई' आपल्यापैकी कित्येकांनी त्यांतूनच प्रथम वाचली. ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र वर्गात 'समाजवादी वास्तववाद' शिकवताना गॉर्कींच्या नावाबरोबर त्या कालव्याच्या ग्रंथाचाही उल्लेख झाला पाहिजे, आणि अण्णा भाऊंचा पोवाडा शिकवताना ग्रॉसमन यांची कादंबरीही विद्यार्थ्यांच्या हाती दिली पाहिजे. यातले एक पान दुसऱ्यावर चिकटवण्याची गरज नाही. दोन्ही पाने ग्रंथात राहू द्यावीत, आणि विद्यार्थ्यांना ती एकापाठोपाठ एक वाचू द्यावीत.